गिरगावच्या वाळूवरचे गुरुवार

१५ जानेवारी १८५७, गुरुवार. मुंबईच्या बॅक बेच्या किनाऱ्यावर त्या संध्याकाळी माणसे जमली ती हवा खाण्यासाठी नव्हे, तर वाद ऐकण्यासाठी. एका बाजूस पुराण-वेदान्त सांगणारा कोकणातला एक तरुण ब्रह्मचारी, दुसऱ्या बाजूस मराठी बोलणारे ख्रिस्ती मिशनरी. विषय एकच होता: खरा धर्म कोणता? त्या काळात याहून स्फोटक प्रश्न शोधूनही सापडला नसता.

आज चर्नी रोडला उतरून चौपाटीकडे जाणाऱ्याला ती जागा डोळ्यांपुढे आणायची, तर बरेच काही पुसून टाकावे लागेल. मरीन ड्राइव्ह नव्हता. तो विसाव्या शतकातल्या भरावाचा. समुद्र आणि गिरगाव यांच्यामध्ये रेल्वेचे रूळही नव्हते. तेही पुढल्या दशकात आले. नारळीच्या वाड्या संपल्या की वाळू आणि वाळू संपली की पाणी, असा तो मोकळा किनारा होता. मालकी कोणाची नाही, दार नाही, तिकीट नाही. वादाला अशी जागा मिळणे ही निम्मी गोष्ट असते. देवळात मिशनरी येऊ शकत नव्हता आणि चर्चमध्ये जायला गिरगावकर राजी नव्हता. वाळूवर मात्र दोघेही पाहुणे होते.

ब्रह्मचाऱ्याचे मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले. जन्म १८२५, रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळच्या शिरवली गावचा. घरची परिस्थिती बेताची. लहान वयातच नोकरी धरावी लागली आणि पुढे कस्टम खात्यात काही वर्षे गेली. गुरूच्या शोधात साधू-बैराग्यांच्या मागे हिंडून मन विटले, तेव्हा तरुणपणीच नोकरी सोडून त्यांनी सप्तशृंगीचा डोंगर गाठला. तपश्चर्या आटोपून ते उतरले ते उपदेशक होऊनच. १८५६ मध्ये ते मुंबईत आले आणि लोक त्यांना विष्णुबुवा ब्रह्मचारी म्हणू लागले. इंग्रजी शाळेचा वारा न लागलेल्या या माणसाने पुढे १८६७ मध्ये ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. सर्वांनी मिळून शेती करावी, पीक गावाच्या कोठारात ठेवावे आणि ज्याने त्याने गरजेपुरते न्यावे, असा त्याचा आशय. त्याच वर्षी जर्मनीत मार्क्सच्या ‘भांडवल’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. इतिहासाला असे योग जुळवण्याची हौस असते.

समोरचा माणूसही साधासुधा नव्हता. जॉर्ज बोवेन १८१६ सालचा, अमेरिकन. तारुण्यात तो पक्का नास्तिक होता. ज्या मुलीशी विवाह ठरला होता, ती १८४४ मध्ये वारली आणि जाताना आपले बायबल त्याच्यासाठी ठेवून गेली. तिथून त्याचे आयुष्य फिरले. १८४८ मध्ये तो मुंबईत उतरला. मिशनचा पगार नाकारून, शहराच्या गरीब वस्तीत, जवळजवळ बैराग्यासारखा राहिला आणि चाळीस वर्षांनी याच शहरात मरण पावला. म्हणजे वाळूवर समोरासमोर उभे राहिलेले हे दोघे, एक एकतिशीचा आणि एक चाळिशीचा, दोघेही फकिरी पत्करलेले, दोघेही श्रद्धेपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आलेले. वारसाहक्काने मिळालेली मते घेऊन भांडणाऱ्यांपेक्षा अशा माणसांचा वाद वेगळा होतो. तो अधिक सौम्य होतो असे मात्र नाही.

या वादामागे पंचवीस वर्षांची धग होती. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्येच मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांची जाहीर वादसभा झाली. मोरभटांनी लगेच ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक लिहून आपली बाजू मांडली. विल्सन यांनी १८३२ मध्ये इंग्रजीत उत्तर दिले. ते उत्तर कडक आहे, काही ठिकाणी अपमानकारकही आहे. पण त्या पुस्तकाच्या आरंभी विल्सन यांनी मोरभटांच्या मूळ पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर छापले आहे. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे, मग आपले खंडन. ज्या वाचकाला विल्सन यांचा पक्ष पटवून घ्यायचा आहे, त्याला मोरभटांच्या दारावरूनच जावे लागते. आपल्याकडील शास्त्रार्थात याला पूर्वपक्ष मांडणे म्हणतात. एका स्कॉटिश पाद्र्याने ते इमानाने केले, हे कबूल केले पाहिजे.

पुस्तकांची लढाई पुस्तकांत राहिली असती तर गोष्ट निराळी. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पालकांनी धडाधड मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. न्यायालयाने त्या मुलाला बापाच्या हवाली केले. आता त्याला जातीत परत घ्यायचे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर ‘घ्यावे’ म्हणून उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी स्वतःवर ओढवून घेतला. म्हणजे धर्माचा वाद त्या काळी नुसत्या तत्त्वांचा नव्हता. त्यात आईपासून मूल तुटत होते आणि शेजारी शेजाऱ्याच्या घरचे पाणी पिणे सोडत होता.

अशा शहरात विष्णुबुवा व्याख्याने देऊ लागले. ‘वेदोक्त धर्म हाच खरा, वेद हेच प्रमाण’ ही त्यांची भूमिका. मिशनरी येऊन प्रश्न विचारू लागले, गर्दी वाढली आणि अखेर सभा समुद्रकिनारी भरू लागल्या. दर गुरुवारी. पहिली १५ जानेवारीला, शेवटची २८ मे रोजी. मध्ये एकोणीस आठवडे.

काय बोलत होते ते? मूर्तीत देव कसा? पुराणांतल्या देवांचे आचरण असे कसे? पुनर्जन्म खरा, तर मागचा जन्म आठवत का नाही? हा एका बाजूचा मारा. देव एक आणि तीनही कसा? पहिल्या माणसाचे पाप आजच्या तान्ह्या मुलाला का चिकटावे? एकाच्या बलिदानाने दुसऱ्याचे पाप कसे फिटावे? हा दुसऱ्या बाजूचा. हे प्रश्न कोणत्याही मापाने मवाळ नाहीत. ज्याला देव मानतो त्याच्याविषयी भर सभेत असे ऐकणे सोपे नसते. जमावाचा कल बुवांकडे होता, हेही उघड आहे. बोवेन परका होता, राज्यकर्त्यांच्या धर्माचा होता आणि संख्येने एकटा पडणारा होता. तरीही पुढच्या गुरुवारी तो पुन्हा येत होता, आणि बुवाही.

प्राचीन भारतीय न्यायशास्त्राने वादचर्चेला ‘कथा’ म्हटले आहे आणि तिचे तीन प्रकार केले आहेत. सत्य कळावे म्हणून, प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे होतो तो ‘वाद’. जिंकण्यासाठी होतो तो ‘जल्प’. त्यात शब्दच्छल आणि खोट्या कोट्याही चालतात. आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता समोरच्याची मोडत राहायची ती ‘वितंडा’. मराठीने वितंडवाद हा शब्द तिथूनच घेतला. इंटरनेटवरील उपद्रवी माणसाला आजकाल कुणी मराठीत ‘जल्पक’ म्हणतात. शब्द देखणा आहे, पण शास्त्र काटेकोर लावले तर त्यांपैकी बहुतेक जण ‘वैतंडिक’ ठरतील. जल्पकाला निदान स्वतःचा पक्ष असतो.

चरकसंहितेतली वर्गवारी याहून व्यवहारी आहे. वैद्यांनी आपसात बोलावे कसे, हे सांगताना चरक दोन प्रकार करतो: संधाय संभाषा, म्हणजे सलोख्याने होणारी चर्चा, आणि विगृह्य संभाषा, म्हणजे भांडून होणारी. पहिलीत ज्ञान वाढते. दुसरीसाठी मात्र तो चक्क डावपेच शिकवतो: प्रतिपक्षी कमी शिकलेला असेल तर लांबलचक सूत्रे म्हणून त्याला दडपावे; त्याची स्मरणशक्ती दुबळी असेल तर आडवळणाची प्रदीर्घ वाक्ये फेकावीत. दोन हजार वर्षे होत आली, डाव तेच आहेत. पण त्याच प्रकरणात चरक आणखी एक गोष्ट बजावतो. वादात उतरण्याआधी प्रतिपक्ष्याइतकीच सभाही पारखून घ्यावी. ऐकणारे कोण आहेत यावर वादाची जात ठरते.

किनाऱ्यावरचा वाद या मोजपट्टीवर कुठे बसतो? तो शुद्ध ‘वाद’ नव्हता. दोघांपैकी कोणीही आपले मत बदलण्याच्या तयारीने आला नव्हता. दोघेही जिंकायला आले होते. तो जल्पच होता. मात्र तो वितंडेपर्यंत घसरला नाही. कारण प्रत्येकाला स्वतःचे काहीतरी वाळूवर मांडून ठेवावे लागत होते, बुवांना वेद आणि बोवेनला बायबल. आज समोरच्याच्या ग्रंथावर आघात केला, तर उद्या आपल्या ग्रंथावर होणार, हे दोघांना ठाऊक होते. शिवाय गुरुवार पुन्हा येणार होता. ज्याला आठ दिवसांनी त्याच माणसाच्या डोळ्यांत बघून उत्तर द्यायचे आहे, तो आज खोटे बोलताना थोडा अडखळतो. सभ्यता म्हणजे गोड शब्द, असा जो एक समज आहे, तो इथे टिकत नाही. शब्द कडूच होते. सभ्य होती ती मांडणी: ठरलेली जागा, ठरलेला वार, समोर बसलेला प्रतिपक्षी आणि दोघांचेही ऐकणारी सभा.

ही मांडणी नसली की काय होते, त्याचे दाखले याच शहरात मागेपुढे पडले आहेत. १८५१ मध्ये ‘चित्रज्ञान दर्पण’ या गुजराती नियतकालिकाने पैगंबरांचे चरित्र चित्रासह छापले. संपादक पारशी. ते अंक काही मुसलमान वाचकांसाठी काढलेले नव्हते. परंतु त्यातले पान कुणीतरी जुम्मा मशिदीच्या भिंतीवर नेऊन डकवले. १७ ऑक्टोबरला, शुक्रवारी, दंगल पेटली आणि पारशी वस्तीवर हल्ले झाले. ते पान डकवणारा हात कोणाचा होता, यावर सगळा इतिहास गप्प आहे. त्या हाताला स्वतःचे म्हणणे नव्हते, त्याला फक्त आग हवी होती. एका ठिकाणचे पान उचलून दुसऱ्या ठिकाणी, संदर्भ तोडून, संतापणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चिकटवायचे, ही युक्ती एकविसाव्या शतकाने शोधलेली नाही.

तेवीस वर्षांनी पुन्हा तेच. एका पारशी लेखकाने इंग्रजी ग्रंथाच्या आधारे गुजराती पुस्तक काढले, त्यात पैगंबरांचे चरित्र होते. १३ फेब्रुवारी १८७४, पुन्हा शुक्रवार आणि पुन्हा दंगल. दंगलीला केवळ छापील मजकूरच कारण होतो असे नाही; पोटापाण्याचे ताण, अफवा, पोलिसांची ढिलाई हे सारे त्यात असते. तरी एक फरक नजरेतून सुटू नये. १८५१ आणि १८७४ मध्ये एका समाजाविषयीचे बोलणे त्या समाजाच्या पाठीमागे झाले. त्याला उत्तर देण्यासाठी ना जागा होती, ना वेळ, ना समोर माणूस. या दोन तारखांच्या बरोबर मध्ये १८५७ चे ते गुरुवार येतात. कितीतरी अधिक बोचरे बोलणे, तेही भर गर्दीत, देवाधर्माविषयी. आणि तरी त्या वाळूवरून दंगल उठली नाही.

साल १८५७ होते, हे इथे विसरता येत नाही. १० मे रोजी मेरठला उठाव झाला, दुसऱ्या दिवशी दिल्ली गेली. काडतुसांपासून बाप्तिस्म्यापर्यंत ‘सरकार आपला धर्म बुडवणार’ ही धास्ती सैन्यात आणि बाजारात पसरली होती. मुंबईत पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट वेषांतर करून गल्ल्यांतून कानोसा घेत हिंडत होता. अशा दिवसांत हिंदू उपदेशक आणि ख्रिस्ती पाद्री यांचा वाद मोठ्या जमावापुढे चालू राहणे आता शक्य नव्हते. मेरठनंतर जेमतेम अठरा दिवसांनी, २८ मे रोजी शेवटची सभा झाली. ऑक्टोबरात एस्प्लनेडच्या मैदानावर दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिले गेले. त्या मैदानापासून बॅक बेची वाळू हाकेच्या अंतरावर होती.

निकाल काय लागला? कोणताच नाही. बोवेन हिंदू झाला नाही, बुवा ख्रिस्ती झाले नाहीत. पण दोन पुस्तके उरली. बोवेनने त्याच वर्षी, १८५७ मध्ये, इंग्रजीत किनाऱ्यावरच्या या चर्चांचा वृत्तान्त छापला. बुवांच्या बाजूचा मराठी ग्रंथ ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ १८७२ मध्ये निघाला. बुवा त्याआधी वर्षभर, फेब्रुवारी १८७१ मध्ये, वारले होते. दोन्ही पुस्तके एकाच घटनेची, आणि प्रत्येकात ज्याचा तो विजयी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून चांगली मेजवानी नाही. एक पुस्तक वाचले तर बाजू कळते. दोन्ही शेजारी ठेवली तर कोण कुठे अडला, कोणी कोणता प्रश्न सोयीस्करपणे लहान केला, हे दिसू लागते. दोघांनी एकमेकांची तोंडे बंद केली नाहीत, म्हणून एवढा कागद हाती आला.

मात्र या किनाऱ्याचे फार कौतुक करण्याआधी सभेकडे एकदा नीट पाहावे. बोलणारे सगळे पुरुष. वेदांचा अधिकार सांगणारा ब्राह्मण आणि बायबलचा अधिकार सांगणारा गोरा पाद्री. ज्या माणसाची सावलीही शहराला चालत नव्हती, त्याने उठून ‘मला दोघांनाही एक विचारायचे आहे’ म्हणावे, अशी सोय त्या वाळूवर नव्हती. सवर्णांनाही सगळे उघड बोलता येत नव्हतेच. दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांची परमहंस सभा १८४९ पासून मुंबईत जातिभेद मोडत होती, पण गुपचूप. सभासद होताना परजातीच्या हातचा पाव खावा लागे आणि हे बाहेर फुटता कामा नये अशी खबरदारी असे. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची यादी चोरीला जाऊन फुटली आणि सभा विस्कटली. कोणी खंडन केले नाही, कोणी प्रश्न विचारला नाही. नावे उघडी पडली एवढे पुरे झाले. बहिष्काराची भीती असली की युक्तिवादाचे कष्ट घ्यावे लागत नाहीत. त्यातल्याच काहींनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापला, तो उघडपणे; गिरगावातला त्याचा नाका आजही बसचा वाहक त्याच नावाने पुकारतो.

सभेत शिरण्यासाठीच भांडावे लागते, तेव्हा भाषा कशी असावी? १९२० च्या दशकाच्या मध्यात हा प्रश्न दादरला उभा राहिला. तिथला सार्वजनिक गणेशोत्सव वर्गणीने सार्वजनिक होता, पण अस्पृश्य मानलेल्यांना गणपतीच्या पूजेचा अधिकार नव्हता. प्रबोधनकार ठाकरे यांनी तो मागितला. मंडपापुढे जमाव जमला, दुपार टळत चालली आणि निर्णय होईना, तेव्हा प्रबोधनकारांनी बजावले की ठरलेल्या वेळेपर्यंत हक्क मिळाला नाही, तर मूर्ती फोडीन. आत्मचरित्रात त्यांनीच हे नोंदवले आहे. कोणत्याही शिष्टाचाराच्या पुस्तकात हे बसणार नाही. दुसऱ्या बाजूचे कार्यकर्ते कदाचित अत्यंत मृदू आवाजात ‘रूढी आहे, काय करणार’ म्हणत असतील. पण मृदू आवाजाने ज्याला बाहेर ठेवायचे होते, त्याला कठोर आवाज आत आणू पाहत होता. या दोघांत वैरभाव कोणाचा, हे आवाजाच्या पट्टीवरून ठरवता येणार नाही.

डॉ. आंबेडकर तिथे आले. बोलणी झाली आणि तोड निघाली: दलित कार्यकर्ते गणपत महादेव जाधव, ज्यांना सगळे मडकेबुवा म्हणत, त्यांनी फुले पुजाऱ्याच्या हाती द्यावीत आणि पुजाऱ्याने ती गणपतीला वाहावीत. तसे झाले. मूर्ती शाबूत राहिली, फुले पोहोचली. पूर्ण हक्क नव्हे, अर्धाच. परंतु मडकेबुवांच्या हातातून पुजाऱ्याच्या हातात फुले गेली, ती शेकडो डोळ्यांदेखत.

पुढे तिथल्या पुढाऱ्यांनी तो गणेशोत्सवच बंद केला. भांडायला समोर कोणी उरू नये, याचा तो एक मार्ग. प्रबोधनकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दादरलाच सार्वजनिक नवरात्र सुरू केले आणि त्याचे दार सर्व जातींना मोकळे ठेवले.